पोहऱ्यात उरलेलं पाणी

आमच्या गल्लीत नळाला पाणी येणार आहे हे नळाच्या आधी नालीला कळतं. सकाळी कोपऱ्यावरून कुणीतरी ओरडतं, "वॉल सोडला हो!" की घराघरांतले निळे ड्रम फरशीवर आडवे व्हायला लागतात. आधी धप्प असा आवाज, मग घळाघळा. परभणीतला वैशाख, रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतंय, गच्चीवर टाकलेली चादर दुसरी टाकेपर्यंत वाळतेय, आणि आमची नाली मात्र भर पावसाळ्यासारखी वाहते आहे. आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या पाण्याचं स्वागत आम्ही घरातलं पाणी ओतून देऊन करतो.

कारण ते शिळं झालेलं असतं म्हणे. मी शाळेत मुलांना विज्ञान शिकवते आणि घरी येऊन हे बघते. पाणी काय वांग्याची भाजी आहे शिळी व्हायला? धरणात ते मागच्या पावसाळ्यापासून पडून आहे, उंच टाकीत पडून आहे, पाइपातून रखडत आलं आहे. तोवर ते ताजं. आमच्या ड्रममध्ये झाकून ठेवलं की मात्र आठवडाभरात त्याचं वय होतं. हे मी एकदा गल्लीतल्या बायकांना बोलून दाखवलं. त्या हसल्या. "मॅडम, तुमचं बरोबर हाय, पर मन घेत न्हाई," एक जण म्हणाली आणि तिनं सरळ ड्रम कलंडवला. मन घेत नाही म्हटल्यावर मी तरी पुढं काय बोलणार?

आज सकाळी तोच पुकारा झाला. माझी भाची यशू पुण्याहून सुट्टीला आली आहे. तिच्या घरी नळ फिरवला की पाणी येतं, त्यामुळं आमच्याकडचा हा सोहळा तिला फार मजेचा वाटतो. गल्लीतले ड्रम कलंडायला लागले तशी तीही मोरीत धावली आणि शेवटच्या भरल्या ड्रमला तिनं दोन्ही हात घातले. "मावशी, सगळे ओततायत. आपलंपण ओतू ना?"

"हात काढ!" आतल्या खाटेवरून माझी माय कडाडली. तिचे गुडघे गेलेत, भिंतीला धरून चालते. पण त्या आवाजानं यशू जागच्या जागी थिजली. "आजी, पाणीच तर आहे," ती पुटपुटली. ज्या दिवशी ही पोरगी टॉवेलात गुंडाळून पहिल्यांदा आमच्या गावच्या घरात आली, त्या दिवशी घरात पाण्याचा थेंब नव्हता, हे तिला कुणी सांगितलेलं नाही.

आमचं गाव ताडकळसच्या अलीकडं. बाबा रेल्वेत गँगमन, चुडाव्याला. मी तेव्हा बी.एड. करत होते आणि सुट्टीला घरी होते. दारात नळ येऊन बरीच वर्षं झाली होती, पण माय त्याच्याशी अजून नव्या पाहुण्यासारखी वागायची. पाणी यायच्या दिवशी ती भल्या पहाटेच उठे. माठ, घागरी, कळशा, सिमेंटचा हौद, सगळं ओतून, राखेनं घासून, उन्हात पालथं घालून मग ती नळासमोर बसे. पहिल्या धारेखाली हात धरे आणि उगाचच थोडा वेळ तसाच ठेवी. मी कुरकुर केली की म्हणे, "लोकाच्या हातचं, लोकाच्या मर्जीचं पाणी लय पेलं आमी. आता माझ्या दारात ताजं यायलंय, तर म्या शिळं का म्हून पिऊ?"

याच्यावर बोलणं कठीण होतं. मायची आई, माझी आजी, तात्यांच्या मळ्यातल्या विहिरीवर पाण्याला जायची. तात्या म्हणजे गावचे मोठे बागायतदार. आजीनं विहिरीला हात लावायचा नाही. काठापासून लांब, घागर खाली ठेवून उभं राहायचं. कुणी आलं आणि त्याला वाटलं, तर तो पोहरा शेंदून वरून घागरीत ओतणार. माय लहान होती, आजीचा पदर धरून उभी असायची. घागर भरल्यावर पोहऱ्यात पाणी उरायचं. ते पाणी तो माणूस परत विहिरीत टाकत नसे. धार आमच्या घागरीला लागलेली, म्हणजे पोहऱ्यातलंही बाटलेलं. ते तो त्यांच्यासमोर मातीत फेकून द्यायचा. दुष्काळाच्या सालीसुद्धा. माय सांगायची की तिला तहान लागलेली असायची आणि ती माती काळी होताना बघत उभी राहायची.

म्हणून शाळेच्या भिंतीवर रंगवलेलं 'पाणी वाचवा' वाचलं की मी जरा अवघडते. ज्यांना आयुष्यात कधी मनासारखं पाणी मिळालंच नाही, त्यांना 'जपून वापरा' हे कोण सांगणार आणि कुठल्या तोंडानं? मायला ते ओतून देण्यातच आपली इज्जत वाटत होती. आपल्याकडंही फेकून देण्याइतकं आहे, हे तिला स्वतःला दाखवायचं असायचं. मला ते तेव्हा अडाणीपणा वाटे. आता तसं वाटत नाही, पण म्हणून ते बरोबर होतं असंही मला म्हणवत नाही.

त्या वैशाखात बुद्ध पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. गावातला हापसा नुसतीच हवा ओकत होता. माझी अक्का परभणीच्या दवाखान्यात बाळंत झाली होती आणि त्या दिवशी दुपारी जीपनं घरी येणार होती. बाबा तिला आणायला गेले होते. घरात मी आणि माय. बाळंतीण यायची, त्यातून नळाचाही दिवस. मायला सण झाला होता. सकाळी गावच्या बोअरवरची मोटार सुरू झाल्याचा आवाज आला, कुणीतरी ओरडलं, "सोडलं रं पाणी!" आणि आमच्या आळीत एकच गडबड उडाली. मायनं हौदाचं बूच काढलं. माठ ओतला, घागरी ओतल्या. अंगणात पाणीच पाणी. चिमण्या येऊन त्यात नाहून गेल्या. सगळी भांडी घासून, लख्ख करून, ओट्यावर ओळीनं पालथी झाली. शेजारीपाजारी तेच. मग आम्ही नळासमोर बसलो.

नळातून आधी फुसफुस झाली. मग तांबूस चार चुळा आल्या. मग लांबून, गावाच्या त्या टोकाकडून, फटाका फुटावा तसा आवाज झाला आणि मोटारीची घरघर बंद पडली. घरातला पंखाही थांबला. थोड्या वेळानं कुणीतरी सायकलवरून ओरडत गेलं, "डीपी जळाली!"

डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, आणि आमच्याकडं डीपी जळाली या दोन शब्दांचा अर्थ लहान मुलालाही कळतो. आज नाही, उद्या नाही, आणि परवाचं काही सांगता येत नाही. माय उठली नाही. ती नळाकडं बघत बसून राहिली. मी शेजारी गेले, त्याच्या पलीकडं गेले. प्रत्येक ओट्यावर पालथी घातलेली भांडी उन्हात चमकत होती. एरवी एकाचं संपलं तर दुसऱ्याकडून तांब्याभर तरी मिळायचं. त्या दिवशी अख्ख्या आळीनं एकाच वेळी, मोठ्या हौसेनं, आपलं पाणी ओतून दिलं होतं. अंगणातला ओलावा तेवढा उरला होता आणि तोही डोळ्यांदेखत वाळत होता.

ऊन वर यायला लागलं तसा माझा धीर सुटला. ओली बाळंतीण. काही दिवसांचं लेकरू, तापल्या जीपमधून इतक्या लांबून येणार. अक्काला प्यायला उकळलेलं पाणी लागणार, बाळाचं अंग पुसायला लागणार. चूल पेटवायची, पण वर ठेवायचं काय? मला एकच जागा आठवत होती आणि तिचं नाव मायसमोर घ्यायची माझी हिंमत होत नव्हती. तात्यांच्या विहिरीला अजून थोडं पाणी होतं आणि ते शेंदायला वीज लागत नव्हती. आता तिथं कुणी कुणाला अडवत नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. पण नळ आल्या दिवशी माय म्हणाली होती की आता मी मेले तरी त्या काठाला जाणार नाही, आणि ती गेली नव्हती.

"माय, मी जाऊन येते," मी शेवटी म्हणाले.

ती पदर खोचत उठली. "तू न्हाई. म्या ओतलंय, म्याच जाते."

ती पुढं, मी मागं. तिच्या कमरेवर घागर, माझ्याकडं कळशी. वाटेत ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती. तात्या असं म्हणाले तर असं म्हणायचं, तसं म्हणाले तर तसं. मला तिच्या मानेच्या झटक्यांवरून कळत होतं. मला भीती पाण्याची नव्हती. तिथं कुणी वावगं बोललं तर ती रिकामी घागर घेऊन परत फिरेल आणि मग अक्काचं काय, याची होती.

तात्या विहिरीजवळच्या लिंबाखाली बाजेवर बसलेले होते. म्हातारे झाले होते, डोळ्यांवर हात धरून त्यांनी आमच्याकडं बघितलं. "कोन हाय?"

"म्या हाय, तात्या. चुडाव्याच्या गँगमनची बायको. घरी बाळंतीण यायलीय. पाणी पायजे."

तात्यांनी दोराकडं बोट केलं. "ने की मग. पोहरा तिथंच हाय." मग जरा थांबून, विनवल्यासारखं म्हणाले, "पर जरा बेतानं ने, बाई. तळ लागलाय. दोन बैलं हायत, म्हस हाय."

बस्स, एवढंच. मायनं जुळवलेलं सगळं वाया गेलं. अपमान झाला असता तर तिला सोपं गेलं असतं, असं मला आजही वाटतं. त्याला तिच्याकडं उत्तर होतं. पण एक म्हातारा आपल्या म्हशीसाठी काळजीनं बोलत होता आणि तिनं सकाळी जेवढं अंगणात ओतलं होतं, त्यात ती म्हैस आणि बैलं सहज निभावली असती. तिचा चेहरा उतरला.

ती काठावर गेली. वाकून बघितलं. खाली, फार खाली, ताटाएवढं पाणी चमकत होतं. दोर संपता संपेना. पोहरा टेकल्याचा आवाज आला तो आधी दगडाचा, मग पाण्याचा. तिनं तो हळूहळू वर घेतला, कडेला आपटू न देता. घागर भरली. कळशी भरली. आणि पोहऱ्यात पाणी उरलं.

पोहरा तिच्या दोन्ही हातांत होता. एक तिसरं भांडं असतं तर प्रश्नच नव्हता, पण ते नव्हतं. तिनं आधी मातीकडं बघितलं. मग तात्यांकडं. तात्याही बघत होते. ते बाजेवरून उठून उभे राहिले होते. माय लहान होती त्या काळी तात्या वीस-बावीसचे असतील. तेव्हा पोहरा कुणाच्या हातात असायचा, हे मायनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मायनं पोहरा विहिरीवर धरला आणि उरलेलं पाणी परत विहिरीत ओतलं. सावकाश, धार धरून. खालून त्याचा आवाज यायला जरा वेळ लागला. तो येईपर्यंत तिनं तात्यांवरची नजर काढली नाही.

तात्या उभेच होते. त्यांच्या मनात काय आलं ते मला सांगता येणार नाही. मग ते खाली बसले आणि म्हणाले, "सांजच्याला ये अजून. तवर झरंल थोडं."

घरी येताना माय घागरीवर पदर झाकून चालत होती. एक थेंब सांडला नाही. ती रडत होती, पण थांबली नाही. जीप आली तेव्हा चुलीवर पाणी उकळून, गार होऊन, झाकून तयार होतं. बाळाचे ओठ सुकले होते, अक्का घामानं भिजलेली. मायनं नातीला मांडीवर घेतलं आणि तांब्याभर कोमट पाण्यात तिचं सगळं अंग पुसून काढलं. खाली घमेलं ठेवून. त्या घमेल्यातल्या पाण्यात बाळाची दुपटी खळबळली आणि तेच पाणी दारातल्या कढीपत्त्याला गेलं. ती नात म्हणजे यशू.

त्या दिवसापासून आमच्या घरात पाण्याला कुणी शिळं म्हटलेलं नाही. मायनं उपदेश केला नाही, तिला तो करता येत नाही. ती एकदाच म्हणाली, "दुसऱ्याच्या काठावर उभं राहायचं नसंल, तर आपलं राखावं." मला भिंतीवरच्या घोषणेपेक्षा हे पटतं. पाणी राखायचं ते गरिबीनं किंवा भीतीनं नव्हे; आपली मान ताठ राहावी म्हणून.

बाबा गेल्यापासून माय माझ्याकडं परभणीत असते आणि घराचा कारभार तिच्याच पद्धतीनं चालतो. आमच्या मोरीत ड्रम जोडीनं असतात. एक वापरात, एक भरलेला. वापरातला तळाला गेला की ते पाणी चादरी धुवायला, कूलरला, फरशीला जातं. मग ड्रम घासून, कोरडा करून उन्हात. आरोग्य केंद्राच्या आशाताई येऊन सांगतात, आठवड्यातून एकदा भांडी रिकामी करा, नाहीतर डास होतील. खरंच आहे. पण रिकामं करा म्हणजे नालीत ओता असं त्यांनीही कधी म्हटलेलं नाही. वापरून रिकामं करा. भरलेल्या ड्रमच्या तोंडाला धुतलेलं धोतर ताणून बांधलेलं असतं, वर झाकण. पाणी घ्यायला लांब दांड्याचं ओगराळं. हात बुडवायचा नाही. पाण्याच्या फिल्टरमधून बाजूला जाणारी ती बारीक नळी, जी सगळ्यांकडं गुपचूप मोरीत सोडलेली असते, तिच्याखाली आमच्याकडं बादली आहे. तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. आणि सगळ्यात कडक नियम मायचा: नव्या पाण्याची धार हातावर पडल्याशिवाय जुन्या भरल्या ड्रमला कुणी हात लावायचा नाही. पाहुण्यांना हे सगळं चिक्कूपणाचं वाटतं. वाटू दे.

आज तोच नियम यशू मोडायला निघाली होती. तिनं हात काढला, तोंड फुगवून बाहेर जाऊन बसली. गल्लीतले ड्रम ओतून, घासून तयार झाले. नळांना पाइप लागले. सगळ्यांनी कान टवकारले.

नळातून फुसफुस झाली. आणि बंद.

मी मायकडं बघितलं. तीही माझ्याकडंच बघत होती. बाहेर आधी कुजबुज, मग फोनाफोनी, मग एकदम शांतता. कुठंतरी मोठा पाइप फुटला म्हणे. कधी जोडतील कुणाला माहीत नाही. दुपारपर्यंत जारवाल्यांचे फोनही लागेनासे झाले. ऊन नुसतं भाजत होतं.

समोरच्या वहिनी फाटकापाशी आल्या तेव्हा त्यांच्या हातात रिकामी बादली होती. त्या समोर राहायला येऊन दोन वर्षं झाली. स्वभावानं चांगल्या, सणाला हसून बोलतात. पण या दोन वर्षांत त्यांनी आमच्या घरी पाण्याचा घोट घेतलेला नाही. दिला की म्हणतात, "आत्ताच पिऊन आले." कारण त्या सांगत नाहीत, मी विचारत नाही. मायला मात्र ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

"मॅडम," त्या फाटकाबाहेरूनच म्हणाल्या. घसा कोरडा पडला होता. "सासूबाईंना ऊन लागलंय. उलट्या व्हायल्यात सकाळपासून. घरात तांब्याभर पाणी न्हाई. सगळं ओतलं हो मी सकाळी." आणि बादली त्यांनी फाटकाच्या आत, जमिनीवर ठेवली. स्वतः बाहेरच उभ्या राहिल्या.

भिंतीला धरून दारात आलेल्या मायनं ती जमिनीवरची बादली बघितली. बराच वेळ बघितली. दोन वर्षांचं 'आत्ताच पिऊन आले' ती आज वसूल करणार, असं मला वाटलं आणि तिला अडवायचा मला काय अधिकार होता? मी बादली उचलायला पुढं झाले.

"तू ऱ्हाऊ दे," माय मला म्हणाली. मग फाटकाकडं वळून, "आत ये, पोरी. मोरीत ड्रम हाय, ओगराळं हाय. तुझ्या हातानं घे."

वहिनी चपला काढून आत आल्या. यशूनं झाकण उचललं, धोतर सोडलं. वहिनी ओगराळ्यानं पाणी घेत राहिल्या, जपून, बादलीच्या काठापर्यंत. शेवटच्या ओगराळ्यात अर्धं पाणी उरलं. ते हातात धरून त्या इकडंतिकडं बघायला लागल्या. त्यांची नजर मोरीच्या भोकाकडं गेली.

"टाक की परत ड्रमात," माय म्हणाली. "काही होत न्हाई त्याला."

वहिनींनी ओगराळं ड्रमवर धरलं आणि हळूच ओतलं. यशूनं धोतर पुन्हा ताणून बांधलं आणि वर झाकण ठेवलं.